जनुकाचा संदेश आणि गाठ सोडविणारे विकर

शिंपी अखंड कापडाचा जसाच्या तसा सदरा करीत नाही. नको असलेले तुकडे तो कापून टाकतो आणि हवे असलेले भाग एकमेकांना जोडतो. आपल्या पेशींतही असेच काम सतत चालू असते.

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. प्रथिन कसे तयार करावे, याची माहिती सांगणारा त्याचा भाग म्हणजे जनुक. या माहितीची प्रथम आरएनए या रेणूत नक्कल होते. नकलेतील उपयुक्त भागांना 'एक्झॉन' व मधल्या, वगळावयाच्या भागांना 'इन्ट्रॉन' म्हणतात. इन्ट्रॉन काढून एक्झॉन सांधण्याची क्रिया म्हणजे 'स्प्लायसिंग'. जनुके अशी खंडित असतात, हे रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही कापणी व जोडणी अनेक प्रथिने आणि पाच लहान आरएनए मिळून करतात. त्यांपैकी यू४ व यू६ हे दोन आरएनए आरंभी एकमेकांत गुंतलेले असतात. ते विलग झाल्यावाचून काम सुरू होत नाही. ऊर्जा खर्च करून ही गाठ सोडविणारे विकर म्हणजे 'बीआरआर-२'. ते घडविणारे 'एसएनआरएनपी-२००' हे जनुक मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे.

हे विकर २,१३६ अमिनो आम्लांचे बनलेले असते. त्यातील १,०८७ व्या स्थानी सेरीनऐवजी ल्युसीन आल्यास 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' हा नेत्रविकार होतो, असे २००९ मध्ये चीनमधील रुग्णांच्या अभ्यासातून आढळले. प्रथम अंधारात दिसेनासे होते, पुढे दृष्टीचे क्षेत्र आकुंचित होत जाते. विकर सर्वच पेशींत असते, मग बाधा डोळ्यालाच का? दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना सतत मोठ्या प्रमाणावर प्रथिने तयार करावी लागतात. म्हणून त्यांना ही उणीव अधिक जाणवत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत असा दोष असला, तरी विकार उद्भवतो. त्यामुळे प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा उपचाराने बरा होऊ शकतो. जनुकदोषामुळे आलेला केवळ आहाराने जात नाही. म्हणून रातांधळेपणाला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ न समजता वेळीच नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. दोष कुणाचाच नसतो; तो केवळ संदेशातील एका अक्षराचा असतो.