पर्याप्त नमुनाफल व विश्वास अंतराल

मोठ्या समष्टीतील एखाद्या अज्ञात राशीचे मूल्य समष्टीतील थोड्या घटकांच्या निरीक्षणांवरून ठरविण्याच्या क्रियेला सांख्यिकीय आकलन म्हणतात. अज्ञात राशीला प्राचल व निरीक्षणांवरून काढलेल्या राशीला नमुनाफल अशी संज्ञा आहे. प्राचलाविषयी नमुन्यात असलेली सर्व माहिती ज्या नमुनाफलात सामावते त्याला ‘पर्याप्त नमुनाफल’ म्हणतात. आकलनातील अनिश्चितता दर्शविण्यासाठी नमुन्यावरून ज्या दोन सीमा काढतात, त्यांमधील टप्प्याला ‘विश्वास अंतराल’ म्हणतात.

पर्याप्ततेची कल्पना सर रॉनल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये मांडली. समजा, पाच व्यक्तींचे रक्त हिवतापासाठी तपासले व दोघांत जंतू आढळले. प्रत्येकाच्या बाबतीत जंतू आढळण्याची संभाव्यता ‘प’ असून व्यक्ती परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानल्यास, ते दोघे कोणते याच्या दहा शक्यता आहेत व त्या प्रत्येकीची संभाव्यता सारखीच म्हणजे पचा वर्ग गुणिले (१–प)चा घन एवढी येते. म्हणून बाधितांची एकूण संख्या दोन आहे हे एकदा कळल्यावर प्रत्येक शक्यतेची सापेक्ष संभाव्यता एकदशांश राहते. तीत ‘प’ उरतच नाही. कोण बाधित होते हे सांगणारी यादी रुग्णाच्या उपचारास आवश्यक असली, तरी ‘प’विषयी ती अधिक काही सांगत नाही. बाधितांची एकूण संख्या हे येथे पर्याप्त नमुनाफल होय. पर्याप्तता ओळखण्याची अवयवीकरणाची कसोटी येर्झी नेमान यांनी १९३५ मध्ये दिली. सी. आर. राव (१९४५) व डेव्हिड ब्लॅकवेल (१९४७) यांनी स्वतंत्रपणे असे सिद्ध केले की, कोणत्याही अनभिनत आकलकाची पर्याप्त नमुनाफलाच्या आधारे सरासरी घेतल्यास मिळणारा आकलक मूळच्यापेक्षा कमी अचूक कधीच नसतो.

या विषयातील महाराष्ट्रीय कार्य वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–९१) यांचे आहे. ते मूळचे कोल्हापूरचे असून केंब्रिज येथे हॅरल्ड जेफ्रीझ यांचे विद्यार्थी होते. पुढे पुणे विद्यापीठातील सांख्यिकी विभागाची उभारणी त्यांनी केली. निरीक्षणे स्थिर धरून त्यांची संभाव्यता प्राचलाचे फलन म्हणून पाहिली, म्हणजे तिला संभाविता फलन म्हणतात. हे फलन महत्तम करणारे मूल्य हा प्राचलाचा एक स्वाभाविक आकलक असतो. मात्र संबंधित समीकरणाला अनेक उकली असू शकतात व त्यांतील कोणती घ्यावी हा प्रश्न उरतो. पर्याप्त नमुनाफले असणाऱ्या नियमित वितरणांच्या बाबतीत ही उकल एकमेव असते व तीच महत्तम मूल्य देते, असे हुजूरबाजार यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. पर्याप्त नमुनाफलांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

विश्वास अंतरालाचा सिद्धांत नेमान यांनी १९३४ व १९३७ मधील निबंधांत मांडला. ९५ टक्के विश्वास अंतरालाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. काढलेल्या विशिष्ट अंतरालात प्राचल असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे, असे त्याने सूचित होत नाही. प्राचल स्थिर असते, बदलतो तो नमुना. त्याच रीतीने पुनःपुन्हा नमुने घेऊन अंतराले काढीत गेल्यास दीर्घ काळात शंभरांपैकी सुमारे ९५ अंतराले प्राचलास सामावून घेतील, एवढेच आश्वासन त्यात आहे. विश्वास पद्धतीवर असतो, एखाद्या आकड्यावर नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यात राणी व अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक संबंधातून उद्‌भवणारा एखादा तरी विकार आढळला. नेहमीच्या सूत्राने येणारे अंतराल सुमारे ८९·९ ते ९४·१ टक्के आहे. ते अरुंद आहे. परंतु सूत्रात ६५० हा आकडा जातो, गावांची संख्या दोन हा आकडा जात नाही. एका गावातील लोकांचे पाणी, आहार व दवाखान्यापासूनचे अंतर सारखे असल्याने त्यांची निरीक्षणे परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र नसतात. म्हणून हे अंतराल साऱ्या जिल्ह्याला लावणे युक्त नाही. इतक्या मोठ्या प्रमाणात असलेला आजार दुर्लक्षित राहिला होता, या निष्कर्षाला मात्र त्याने बाध येत नाही.

भामरागड तालुक्यातील हेमलकसासारख्या विरळ वस्तीच्या वनप्रदेशात हा मुद्दा निर्णायक ठरतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. यदृच्छेने निवडलेल्या दहा गावांतून प्रत्येकी ४० जणांचे रक्त तपासले व एकूण ४०० पैकी ६० जणांत हिवतापाचे जंतू आढळले. प्रमाण १५ टक्के. व्यक्ती स्वतंत्र मानल्यास अंतराल ११·५ ते १८·५ टक्के येते. परंतु गाववार आकडे १, २, ०, ३, १८, २, १, २०, ४ व ९ असे असतील तर? सर्व गावांत संभाव्यता सारखी असती, तर या संख्यांचे विचरण सुमारे ५ आले असते. येथे ते ५३ आहे. गाव हाच एकक धरून ‘स्टुडंट’च्या वितरणाने काढलेले अंतराल सुमारे २ ते २८ टक्के एवढे रुंद होते. फवारणी व औषधे सर्वत्र समप्रमाणात पाठवावयाची, की दोनतीन गावांवर भर द्यावयाचा, हा निर्णय यावर अवलंबून असतो. पहिल्या प्रतिकृतीत ६० ही बेरीज पर्याप्त होती. दुसरीत ती पर्याप्त राहिली नाही. पर्याप्तता हा नमुनाफलाचा अंगभूत गुण नसून मानलेल्या प्रतिकृतीच्या सापेक्ष असलेला गुण आहे. तालुक्याकडे केवळ बेरीज पाठवून गाववार नोंदी टाकून दिल्या, तर प्रतिकृती चुकली होती हे शोधण्याचे साधनच नाहीसे होते.

एकही बाधित न आढळल्यासही अंतराल काढता येते. यदृच्छेने निवडलेल्या ३०० व्यक्तींत एकही बाधित नसल्यास, ९५ टक्के विश्वासाची वरची सीमा सुमारे १ टक्का येते. म्हणजे ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.

यदृच्छ निवडीचे गृहीतक प्रत्यक्षात सर्वांत दुबळे असते. हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पासारख्या दवाखान्याच्या नोंदवहीत दूरवरून चालत येणाऱ्या माडिया रुग्णांची नोंद होते. परंतु जो येऊ शकला नाही त्याची होत नाही. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आल्यावर तुटणारी गावे रस्त्यालगतच्या गावांपेक्षा वेगळी असतात. अशा निवडीतून येणारी अभिनती नमुना वाढवून दूर होत नाही. चुकीच्या मूल्याभोवतीचे अंतराल तेवढे अरुंद होत जाते.