एकुलती एक विमानं

सेसना १७२ या चार आसनी विमानाचे आजवर ४४ हजारांहून अधिक नग तयार झाले. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियाने इल्यूशिन-२ ही सुमारे ३६ हजार विमानं काढली, जर्मनीने मेसरश्मिट १०९ जवळपास ३४ हजार आणि ब्रिटनने स्पिटफायर २० हजारांवर. अमेरिकेच्या कारखान्यांतून १९४४ या एकाच वर्षात सुमारे ९६ हजार लष्करी विमानं बाहेर पडली. दिवस, रात्र, रविवार, नाताळ सगळं धरून हिशेब केला तर दर साडेपाच मिनिटांना एक.

यांतल्या एखाद्याचा फोटो समोर आला, तर जुनी विमानं ओळखण्याचा छंद असलेला माणूस क्षणात नाव सांगतो. त्याची कसोटी लागते ती दुसऱ्या टोकाला, जिथे जगात त्या नमुन्याचं एकच विमान झालं आणि तेही काही मिनिटांपलीकडे हवेत राहिलं नाही.

राइट बंधूंचं फ्लायर अशांपैकीच. १७ डिसेंबर १९०३ला त्याने चार उड्डाणं केली: अंदाजे १२, १२, १५ आणि ५९ सेकंदांची. बेरीज ९८ सेकंद. त्याच दिवशी वाऱ्याच्या झोताने ते उलटून मोडलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. पहिल्या उड्डाणाचा फोटो काढला जॉन डॅनियल्स या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक केंद्रातल्या माणसाने, ज्याने त्याआधी कॅमेरा हाताळलेला नव्हता. तिकाटण्यावर कॅमेरा ऑर्व्हिल राइटने लावून ठेवला होता. राइट बंधू नोंदींच्या बाबतीत काटेकोर, म्हणून कुठे, केव्हा, कोण हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत कोठारांत आणि परसांत विमानं बांधणाऱ्या बहुतेकांनी तेवढी काळजी घेतली नाही.

आणि काय काय बांधलं त्यांनी! होरेशियो फिलिप्स या इंग्रजाने १९०७ साली एकामागे एक चार चौकटी उभ्या केल्या आणि त्यांत मिळून २०० अरुंद पंख बसवले. ते यंत्र सुमारे ५०० फूट उडालं. १९०९च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या रॅंस शहराजवळ पहिला मोठा विमानमेळा भरला. नावं ३८ विमानांची नोंदली गेली, उडाली फक्त २३. इटलीत काप्रोनी या विमान-रचनाकाराने १९२१ साली मॅज्योरे सरोवरावर नऊ पंखांचं, आठ इंजिनांचं, शंभर प्रवाशांसाठीचं काप्रोनी सीए-६० उतरवलं. दुसऱ्याच उड्डाणात ते पाण्यावर आदळून मोडलं. आता उरलेत काही तुकडे आणि फोटो. अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूजच्या अजस्र लाकडी एच-४चा पंखविस्तार होता ३२० फूट, म्हणजे साडेसत्याण्णव मीटर. २ नोव्हेंबर १९४७ला ते मिनिटभरही हवेत नव्हतं, आणि तेच त्याचं पहिलं व शेवटचं उड्डाण.

ह्यूजच्या विमानाची कीर्ती मोठी, म्हणून ते हरवणार नाही. पण जुन्या बाजारातल्या पेटीत एक पिवळट पोस्टकार्ड सापडतं, मागे काहीच लिहिलेलं नसतं, पुढे दोन पंखांचं एक यंत्र आणि शेजारी टोपी घातलेली तीन माणसं. हे कोणाचं?

गणिताने बघितलं तर हा प्रश्न फसवा वाटतो. हो किंवा नाही असं उत्तर असलेले २० प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तराने बरोबर निम्मे नमुने बाद झाले, तर १०,४८,५७६ नमुन्यांमधून एक निवडता येतो. एवढ्या जातींची विमानं जगात झालेलीच नाहीत. अडचण अशी की फोटो २० उत्तरं देत नाही. शेपूट चौकटीबाहेर गेलेलं असतं, नाकासमोर माणूस उभा असतो. सातच उत्तरं मिळाली, तर त्याच हिशेबाने १२८ नमुन्यांपुरतंच वेगळेपण सांगता येतं. म्हणून या छंदातली माणसं एकेका उत्तरासाठी झुंजतात. दोन पंखांमधल्या खांबांच्या जोड्या किती? इंजिनाची नळकांडी किती? एका रांगेतल्या गोल इंजिनात ती साधारणपणे विषम असतात, तीन, पाच, सात किंवा नऊ. ती मोजली की इंजिन कळतं, इंजिनावरून साल कळतं, आणि सालावरून अर्धी यादी गळून पडते. सुकाणूची गोलाई, चाकांच्या आऱ्या, मागच्या हॅंगरच्या छपराचा उतार, सावलीची दिशा, काहीच वाया जात नाही.

फोटो खोटंही बोलतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल आणि पिवळा रंग जवळजवळ काळा दिसे आणि निळा फिकट. त्यामुळे ब्रिटिश विमानावरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या वर्तुळाची गडद-फिकट बाजू उलटी झालेली दिसते, आणि पिवळं विमान काळं वाटतं. युद्धकाळात सेन्सॉर क्रमांक पुसून टाकत. शत्रूने क्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज बांधू नये म्हणून ब्रिटनने क्रमांकांच्या मालिकेत मुद्दाम मोकळ्या जागा सोडल्या होत्या.

हे निव्वळ शौकाचं काम नाही, याचा सर्वांत ठोस पुरावा टेम्स नदीकाठच्या मेडमनहॅममध्ये आहे. हवाई छायाचित्रं वाचण्याचं ब्रिटनचं केंद्र तिथल्या एका हवेलीत होतं. १९४५पर्यंत तिथे दिवसाला सरासरी २५ हजार निगेटिव्ह आणि ६० हजार प्रती येत होत्या. युरोपातलं युद्ध संपलं तेव्हा संग्रहात ५० लाख प्रती होत्या. एकेक प्रत एक मिनिट बघायची, रोज आठ तास, सुट्टी घ्यायची नाही, असं ठरवलं तरी साडेअठ्ठावीस वर्षं लागतील. एडिनबरा इथल्या राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रहात आज तीन कोटींहून अधिक प्रतिमा आहेत. त्यांना त्याच वेगाने १७१ वर्षं.

मेडमनहॅममध्ये विमानं ओळखणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. युद्धाआधी त्या एका विमानविषयक साप्ताहिकात लिहीत असत. ३० हजार फुटांवरून, ३६ इंच नाभीय अंतराच्या भिंगातून घेतलेल्या फोटोत जमीन दहा हजार पट लहान होते. सहा मीटरचा पंख तिथे ०.६ मिलिमीटरचा उरतो. एवढ्या मापांत काम करताना त्यांना जर्मनीतल्या पीनेम्युंड इथे एक चिमुकलं, वैमानिकाला जागाच नसावी असं विमान दिसलं. अंदाजे पंखविस्तार २० फूट, म्हणून त्याला ‘पीनेम्युंड २०’ म्हटलं गेलं. पुढे २८ नोव्हेंबर १९४३च्या फोटोत तसंच यंत्र किनाऱ्यावरच्या एका उतरणीवर चढवलेलं त्यांनी ओळखलं. त्या उतरणी आधी गाळ उपसण्याच्या यंत्रणेचा भाग समजल्या गेल्या होत्या. ते होतं व्ही-१, उडता बॉम्ब. जून १९४४पासून ब्रिटनवर अशी सुमारे दहा हजार अस्त्रं सोडली गेली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण तिथे बुद्धीइतकीच सवय उपयोगी पडली. कुठलं विमान कसं दिसतं हे डोळ्यांत मुरलेलं होतं, म्हणून ‘हे त्यांतलं नाही’ असं म्हणता आलं.

आपल्याकडेही अशी कोडी आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून २५ किलो टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं. ते द हॅव्हिलॅंड पुस मॉथ. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, पण लेपर्ड मॉथमधून. दोन्ही एकाच कंपनीची, एका इंजिनाची, वर पंख असलेली. फोटोंची सरमिसळ व्हायला आणखी काय हवं? पण पंखाकडे नीट बघा. पुस मॉथचा पंख सरळ पट्टीसारखा, लेपर्ड मॉथचा टोकाकडे निमुळता. भारतीय विमानांवर १९२०च्या दशकात ‘जी-आय’ने सुरू होणारी अक्षरं असत, नंतर ‘व्हीटी’ आली. व्हीटीपुढे तीन अक्षरं, म्हणजे १७,५७६ शक्यता, आणि यांतलं एकच अक्षर वाचता आलं तरी शोध २६ पट लहान होतो.

तुमच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत जुहू, लोहगाव, कोल्हापूरच्या धावपट्टीवरचे किंवा ओझरच्या कारखान्यातले फोटो असतील, तर आजच ज्येष्ठांना विचारून मागे पेन्सिलीने हलक्या हाताने साल, गाव आणि माणसांची नावं लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि स्कॅन करताना कडा कापू नका. विमानापेक्षा मागची शेड, खांब आणि कोपऱ्यातली अर्धी पाटी हीच कितीदा उत्तर देतात.