प्रतिकृती आणि कसोटी

बंगळूरच्या चिकपेटेत जुन्या इमारती भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. २०१७ सालापासून त्या पेठेखालून मेट्रो धावते. असे भुयार खोदण्यापूर्वी जमीन किती खचेल, याचा अंदाज अभियंता गणिताने बांधतो. आणि खोदाई चालू असता वरील भिंतींवर खुणा करून ती प्रत्यक्ष किती खचली, हे मोजतो. या दोन कृती एकच नव्हेत. पहिली आपल्या समजुतीवर उभी असते. दुसरी ही वस्तूची साक्ष होय.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण भूकंपाने हादरले. भिंत कोसळली नाही. परंतु मागील उतार जेथे एकाएकी बदलतो, त्या उंचीवर अनेक खंडांना आडव्या भेगा पडल्या. वास्तविक भूकंपाचा विचार रचनेत झालेला होता. वजनाच्या शेकडा पाच इतका आडवा, स्थिर जोर धरून हिशेब केला होता. हिशेब चुकला नव्हता. गृहीतच अपुरे होते. भूकंपात भिंत डोलते, आणि माथा पायाहून अधिक डोलतो.

धरणातील यंत्राने तो हादरा नोंदविला होता. त्या नोंदीवरून अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी १९७३ साली गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने ताण काढले. मोठा ताण नेमका भेगांच्या जागी निघाला. परंतु काँक्रीट किती ताण सोसते, हे प्रतिमान सांगू शकत नाही. त्यासाठी काँक्रीटचा तुकडा तोडूनच पाहावा लागतो.

मग लहान धरण करून हलवावे, असे कोणी म्हणेल. बर्कली येथे कोयनेच्या एका खंडाची १:१५० प्रमाणातील प्रतिकृती तशी तपासलीही गेली. पण उंची दीडशेपट घटली, की स्वतःच्या वजनाचा ताणही तितकाच घटतो. खरे काँक्रीट वापरले, तर ती इवलीशी भिंत अभेद्य ठरेल. म्हणून तितकाच जड, पण दीडशेपट दुबळा पदार्थ मुद्दाम सिद्ध करावा लागतो. अर्थात प्रतिकृतीची चाचणीही गृहीतांपासून मुक्त नसते.

प्रतिमान सांगते, असे घडू शकते. चाचणी सांगते, या मालात इतके बळ आहे. भेग सांगते, असे घडले. कोयनेचे धरण पुढे मागून आधार देऊन बळकट करण्यात आले. धरणाखाली माणसे राहतात. म्हणून या तिन्ही साक्षी जुळेपर्यंत निकाल देण्याची घाई करू नये.