पांखरांचा कलकलाट आणि शेजारधर्म

आपल्या घरीं एखादें पांखरूं असावें असें लहानपणीं ज्याला वाटलें नाहीं, असा मनुष्य विरळा. आपल्या बारामती-इंदापूर भागांत तर पांखरांचा सहवास जन्मापासूनचा आहे. ज्वारी हुरड्यास आली कीं पोपटांचे थवे शेतावर उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो व आरोळ्या देतो. थवा उठतो आणि पलीकडच्या शेतांत जाऊन बसतो. पांखरांनीं ओरडावें व माणसानेंहि ओरडावें, यांत तेथें कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. कारण मध्यें मोकळें रान असतें. परंतु आतां बारामतींत, आणि इंदापुरांतहि, अनेक मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. एकाची जमीन तेंच दुसऱ्याचें छत, आणि एकाची भिंत तीच शेजाऱ्याचीहि भिंत. अशा बिऱ्हाडांत पिंजरा टांगला कीं रानांतला आवाज चार भिंतींत येतो. तो कां होतो, कितपत कमी करतां येतो, आणि पांखरूं पाळण्याच्या भरीस कोणी पडूं नये, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पुणें शहरांत एका वृद्ध गृहस्थांनीं शेजाऱ्याच्या पोपटाच्या सततच्या ओरडण्याला व शिट्यांना कंटाळून खडकी पोलीस ठाण्यांत तक्रार दिली, आणि पोपटाच्या धन्याविरुद्ध अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. वर्तमानपत्रें वाचून लोक हसले. पण ज्याची झोंप मोडते त्याला हसूं येत नाहीं. आणि जें पांखरूं दिवसभर ओरडतें, तेंहि कांहीं हौसेनें ओरडत नसतें. ही दुसरी गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

मनुष्याचें स्वरयंत्र गळ्यांत, श्वासनलिकेच्या वरच्या टोंकास असतें. पक्ष्यांचें ध्वनियंत्र त्याहून खालीं, जेथें श्वासनलिका दोन फांट्यांत विभागते तेथें, छातीच्या आंत असतें. पोपटाच्या कुळांतील बहुतेक पक्षी थव्यानें राहणारे आहेत. दाट पालवींत किंवा उडतांना सोबती नजरेआड झाला म्हणजे ते एकमेकांस हांक घालतात. या हांकेला आपण ‘साद’ म्हणूं. “मी येथें आहें, तूं कोठें आहेस?” एवढाच तिचा अर्थ. उत्तर आलें कीं पक्षी निश्चिंत होतो. न आलें तर तो पुनः साद घालतो, आणि प्रत्येक वेळीं अधिक मोठ्यानें.

व्हेनेझुएला देशांतील एका लहानशा हिरव्या पोपटाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं असें दाखविलें कीं, त्या जातींतील आईबाप घरट्यांतील प्रत्येक पिलाला निराळी साद देतात, आणि पिलूं पुढें तीच साद, थोडा फेर करून, आपली ओळख म्हणून वापरतें. जणूं पिलांचें बारसेंच! आपल्याकडे दुकानांत मिळणारा बजरीगर घ्या. त्यांतील नर आपल्या जोडीदारणीची साद ऐकून ऐकून शिकतो व तिच्याच स्वरांत तिला हांक मारूं लागतो.

बारामतीकरांना हें समजण्यास फार दूर जावयास नको. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) याच गांवीं राहिले. ईश्वराला घातलेल्या आपल्या आर्त हांकांच्या काव्यास त्यांनीं ‘केकावली’ हें नांव दिलें. केका म्हणजे मोराची हांक, आणि आवली म्हणजे ओळ. मोराचा आवाज ऐकावयास गोड आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तरी कवीला त्यांत गोंगाट ऐकूं आला नाहीं, हांक ऐकूं आली. पिंजऱ्यांतील पांखराच्या ओरडण्याकडेहि त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. थव्यांतून वेगळें काढलेल्या पांखराला तुम्हीच थवा आहां. तुम्ही दार लावून शाळेंत गेलां कीं त्याचा सगळा थवा नाहींसा होतो, आणि तें साद घालूं लागतें.

एक प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट सांगतों. बारामतींतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीनें करड्या रंगाचा एक कॉकटील पाळला. आईवडील दोघेहि नोकरीस जाणारे. पिंजरा हवेशीर जागा म्हणून सज्जांत टांगला होता. सकाळीं सातला मुलगी घराबाहेर पडली कीं पांखरूं किंचाळूं लागे, तें उन्हें चढेपर्यंत. खालच्या मजल्यावर साखर कारखान्यांत काम करणारे एक गृहस्थ राहत. गळिताचा हंगाम चालूं होता. त्यांस रात्रपाळी असे, म्हणजे त्यांच्या झोंपेची व पांखराच्या किंचाळण्याची वेळ एकच. पंधरा दिवस त्यांनीं सोसलें. मग एका सायंकाळीं वर येऊन मुलीच्या आईस ते शांतपणें म्हणाले, “ताई, पांखरूं तुमचं आहे, पण झोंप माझी जाते. मशीनजवळ उभं राहून काम करायचं असतं मला.” घरांत त्या रात्रीं कोणी नीट जेवलें नाहीं. वडील म्हणाले, “पांखरूं देऊन टाकूं.” मुलगी रडली. अखेर दोन महिन्यांची मुदत ठरली.

त्या दोन महिन्यांत त्या मुलीनें जें केलें, त्यावरून पुढील चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट जागेची. आवाज हवेच्या वाटेनें जातो. जेथून वारा जातो तेथून तोहि जातो. सज्जांत टांगलेला पिंजरा म्हणजे साऱ्या इमारतीला ऐकविण्यासाठीं लावलेला कर्णाच. इमारतीच्या मधल्या डक्टजवळ ठेवला तर आवाज नळींतून गेल्याप्रमाणें वरखालीं जातो. उघड्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. परंतु गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती असलेल्या खोलींत तो आदळून परत येतो व फारसा उतरत नाहीं. म्हणून पिंजरा आंतल्या खोलींत, शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर, एक बाजू आपल्या भिंतीस लावून ठेवावा. खोलींत जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचें कपाट असावें. दाराखालची फट गोधडीच्या गुंडाळीनें बुजवावी. स्वयंपाकघरांत मात्र पिंजरा कधींहि ठेवूं नये. न चिकटणारे तवे फार तापले असतां निघणारा वायु पक्ष्यांस प्राणघातक ठरतो.

दुसरी गोष्ट उत्तर देण्याची. पांखरूं किंचाळलें कीं मुलगी धांवत जाई, किंवा आई दुसऱ्या खोलींतून “गप रे!” म्हणून ओरडे. दोन्हींचा अर्थ पांखराच्या लेखीं एकच: हांकेला उत्तर आलें! किंचाळलें कीं माणूस येतो, हें तें चटकन् शिकतें. यावर उपाय असा कीं, एक हलकी, ठराविक शिटी ठरवावी. दुसऱ्या खोलींत असतां पांखरूं ओरडण्यापूर्वींच ती वाजवावी, आणि त्यानें हळू आवाजांत प्रतिसाद दिला तर लगेच जवळ जावें. मोठ्या किंचाळीस उत्तर देऊं नये. हा नियम पाळतांना पहिले कांहीं दिवस ओरडणें वाढतें, कारण पांखरूं जुनी युक्ति अधिक जोरानें करून पाहतें. येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. म्हणून हा प्रयोग रविवारीं किंवा सुटींत आरंभावा, आणि शेजाऱ्यास आधीं सांगून ठेवावें. पिंजऱ्यावर थाप मारणें, पाणी शिंपडणें, भर दिवसा अंधारांत कोंडणें या गोष्टींनीं भीति वाढते, आणि भ्यालेलें पांखरूं अधिकच ओरडतें.

तिसरी गोष्ट कामाची. रानांतील पोपटाचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यांत व सोलण्यांत जातो. पिंजऱ्यांतील वाटीभर दाणे थोड्याच वेळांत संपतात, आणि मग साऱ्या दिवसाचें करावयाचें काय? बाजरीचें किंवा राळ्याचें अख्खें कणीस टांगावें. दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवावे. निंबाची ताजी, औषध न मारलेली डहाळी कुरतडावयास द्यावी. शाळेस निघतांना नवें कणीस टांगण्याचा त्या मुलीनें नेम केला, आणि सकाळच्या ओरडण्यांत सर्वांत मोठा फरक त्यानेंच पडला. सोबतीला दुसरें पांखरूं आणल्यानेंहि एकटेपण जातें. मात्र दोन पांखरें आपसांत किलबिल करणारच, हें ध्यानांत ठेवून काय तें ठरवावें.

चवथी गोष्ट झोंपेची. या पक्ष्यांस १० ते १२ तास शांत झोंप लागते. रात्रीं उशिरापर्यंत दिवा व दूरदर्शन चालूं असलेल्या खोलींतील पांखरूं चिडखोर होतें. सायंकाळीं पिंजऱ्यावर हवा खेळेल असें सुती कापड घालावें व सकाळीं तें थोडें उशिरा काढावें. पहांट व सांज या थव्याच्या जमण्याच्या वेळा. त्या वेळीं थोडा कलकलाट होणारच.

दोन महिन्यांनीं तो कॉकटील मुका झाला काय? मुळींच नाहीं. संध्याकाळीं मुलगी घरीं आली कीं तो अजून दहा मिनिटें गातो. परंतु सकाळची किंचाळी थांबली, आणि खालचे गृहस्थ झोंपूं लागले. एकदां जिन्यांत भेट झाली तेव्हां त्यांनींच विचारलें, “काय म्हणतंय आमचं पांखरूं?”

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. शांत असलेलें पांखरूं एकाएकीं ओरडूं लागलें, किंवा ओरडणारें एकाएकीं गप्प झालें, तर तें दुखण्याचें चिन्ह असूं शकतें. पाणी संपलें काय, खिडकीबाहेर घार अथवा मांजर आहे काय, ऊन लागतें काय, हें पाहावें. पक्ष्यांस घाम येत नाहीं. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत तीं चोंच उघडून धापा टाकतात. कारण न सांपडल्यास पशुवैद्यांकडे जावें.

आतां कायद्याविषयीं. आपला हिरवा पोपट, करण पोपट, तुइया व डोंगरी मैना हे वन्य पक्षी होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांस पकडणें, विकणें व घरीं ठेवणें गुन्हा ठरविलें आहे. ढोलींतून काढलेलीं पिलें कोणी बाजारांत आणलीं तर दयेपोटींहि विकत घेऊं नयेत. घेतलेल्या प्रत्येक पिलामागें दुसरी ढोली रिकामी होते. बजरीगर व कॉकटील हे मूळचे ऑस्ट्रेलियांतील, आणि खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतील. आपल्याकडे बजरीगरालाच लव्हबर्ड म्हणण्याची चाल पडली आहे, ती चुकीची. बजरीगर इंग्लंडांत प्रथम जिवंत नेले ते जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें, १८४० सालीं. तेव्हांपासून ते पिंजऱ्यांतच पिढ्यान् पिढ्या वाढत आले आहेत. मकाव, काकातुआ, आफ्रिकन ग्रे यांसारख्या मोठ्या परदेशी पोपटांची वनखात्याकडे नोंद करावी लागते. शिवाय त्यांचा आवाज असा कीं इमारतींत त्यांस ठेवणें म्हणजे भांडणास निमंत्रणच. ज्यास फारच शांतता हवी त्यानें झेब्रा फिंचसारखे बारीक आवाजाचे पक्षी पाहावे.

आवाजासंबंधीं २००० सालचे नियम असें सांगतात कीं, निवासी भागांत सकाळीं ६ ते रात्रीं १० पर्यंत ध्वनीची पातळी ५५ डेसिबल, व रात्रीं ४५ डेसिबल, यांवर नसावी. परंतु शेजार हा मोजमापानें चालत नाहीं. पांखरूं आणण्यापूर्वींच वरच्या, खालच्या व बाजूच्या बिऱ्हाडांत जाऊन विचारावें. कोणाची रात्रपाळी आहे, कोणाचें तान्हें बाळ आहे, कोणाचा मुलगा दहावीस बसला आहे, हें कळतें. आणि आधीं विचारलेल्या माणसाला थोडा आवाज सोसवतो.

शेवटीं आईबापांस एक विनंति. घर दिवसभर कुलपांत राहत असेल, तर मुलाचा हट्ट मोडण्यांत क्रूरपणा नाहीं. एकट्या पांखराला रिकाम्या घरांत साद घालावयास लावण्यांत तो आहे. अशा मुलांस इंदापुरास न्यावें. तेथें भर गांवांत, तहसील कचेरीच्या आवारांतील जुन्या चिंचांवर चित्रबलाक घरटीं बांधतात व पिलांस चारतात. भादलवाडीच्या तलावावरहि त्यांची वसाहत असते, आणि भिगवणजवळ उजनीच्या पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्या चिंचांखालीं थोडा वेळ उभें राहावें. वर पिलांचा एकच गिल्ला चाललेला असतो. पण तेथें प्रत्येक हांकेला चोंचींत मासा घेऊन कोणी ना कोणी येतें. तें पाहिलेलें मूल पुढें पिंजरा घेईल किंवा न घेईल; घेतलाच, तर आंतल्या हांकेला उत्तर देणें आपल्याकडे आलें आहे, हें त्यास निराळें सांगावें लागणार नाहीं.