जळक्या रबराचा वास

धूळ ओढणारे यंत्र, म्हणजे ज्याला आपण सर्रास व्हॅक्यूम क्लीनर म्हणतो ते, सुरू करून दोन-तीन मिनिटे होतात न होतात तोच खोलीत रबर जळल्यासारखा उग्र वास दरवळू लागतो. जुने यंत्र बाळगणाऱ्या घरांत हा अनुभव नवा नाही. एवढे काम संपवू, मग पाहू, असे म्हणून पुष्कळ जण तसेच पुढे चालू ठेवतात. श्रोतेहो, तसे करू नये. बटण बंद करावे, आणि नुसते बटणच नव्हे, तर प्लगही भिंतीतून काढून ठेवावा. कितीतरी घरांत हे यंत्र कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती असते. वास प्रथम त्यांनाच येतो. आपल्याला बोल लागेल या भीतीने त्यांनी गप्प बसू नये, इतका मोकळेपणा घरात असला पाहिजे. हात त्यांचा यंत्रावर असतो, आणि विजेचा धक्का बसायचा तर तो त्यांनाच बसेल.

पुढचा प्रश्न असा, की आपले यंत्र कोणत्या जातीचे? हैदराबादेतील घरांत दोन जाती आढळतात. पहिली डब्याची. पोटात मोटर आणि पिशवी, पुढे लांब नळी. १९८२ साली टाटा उद्योगसमूहातील फोर्ब्स आणि स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स ही संस्था निघाली, आणि तिच्या विक्रेत्यांनी दारोदार हिंडून, गालिचावर प्रात्यक्षिक दाखवून, हे यंत्र भारतीय घरांत नेले. दुसरी जात उभी, दांड्याची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडून सामानासोबत आलेली यंत्रे बहुधा हीच असतात. तिचा मूळपुरुष ओहायो राज्यातील जेम्स मरे स्पँगलर. हा एका दुकानात झाडलोट करणारा, दम्याने त्रस्त झालेला गृहस्थ. झाडूने उडणारी धूळ सोसवेना, म्हणून त्याने पंखा, फिरता ब्रश आणि पिशवी यांची जुळणी केली व १९०८ साली तिचे पेटंट मिळविले. ते पुढे हूव्हर कुटुंबाने विकत घेतले.

ही जातकुळी सांगण्याचे कारण असे, की रबराचा पट्टा असतो तो या उभ्या जातीत. मोटरची फिरकी तळाच्या ब्रशपर्यंत पोहोचविण्याचे काम तो करतो. साध्या डब्याच्या यंत्रात असा ब्रश नसतो, म्हणून पट्टाही नसतो. तेथे रबराचा वास आला तर त्याचा उगम अन्यत्र शोधावा लागतो. दुकानदाराने डब्याच्या यंत्रासाठी ‘बेल्ट बदला’ म्हटले, तर यंत्र उघडून बेल्ट दाखवा म्हणावे.

उभ्या यंत्रात घडते ते असे. मोटरची दांडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते. ब्रश अडकला, तर पट्टा जागच्या जागी थबकतो, पण दांडी थांबत नाही. ती त्या एकाच जागी रबर घासत राहते. घर्षणाने रबर तापते, मऊ होते, त्याला चकाकी येते, आणि तोच तो वास. म्हणून प्लग काढल्याची पुन्हा खात्री करून यंत्र उताणे करावे आणि ब्रश बोटाने फिरवून पाहावा. तो हलकेच, खरखर न करता फिरला पाहिजे. बहुतेक वेळा तो फिरत नाही. त्याच्या दोन्ही टोकांशी लांब केस, साडीच्या पदराचे सुटलेले धागे आणि गजऱ्यांचा दोरा यांचा घट्ट वळसा बसलेला असतो. आपल्या घरांत गजऱ्याचे दोरे किती पडतात हे सांगावयास नको. परदेशी यंत्राच्या पुस्तिकेत या शत्रूचा उल्लेख सापडणार नाही. वळसा कात्रीने आडवा कापून चिमट्याने ओढून काढावा. टोकाच्या टोप्या निघत असतील तर काढून आतील बेअरिंग पाहावे. त्यातही केस शिरतात. बेअरिंग सुकून जाम झाले असेल तर बदलणेच बरे. खोबरेल तेल मात्र घालू नये. ते घट्ट होते आणि धूळ धरून ठेवते.

आता पट्टा. तो ताणून सैल झाला असेल, आतल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, किंवा वाकविल्यावर त्याला चिरा दिसत असतील, तर त्याचे आयुष्य संपले. रबर वापराविनाही म्हातारे होते. माळ्यावर हैदराबादचे चार-पाच उन्हाळे काढलेला पट्टा कोरा दिसला तरी विश्वासाचा नसतो. नवा घेताना जुना सोबत न्यावा. सिकंदराबादेत राणीगंजच्या बाजारात पट्ट्यांची व बेअरिंगची दुकाने आहेत, तेथे लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही मापे जुळवून घ्यावीत. मात्र वापरलेला पट्टा ताणलेला असतो, म्हणून कंपनीचा क्रमांक मिळाल्यास तोच प्रमाण मानावा. बसविण्यापूर्वी मोटरच्या दांडीवर वितळून चिकटलेले रबर लाकडी काडीने खरवडून काढावे. ब्रश साफ न करता नुसता पट्टा बदलला, तर नवा पट्टाही जुन्याच्या वाटेने जातो.

पट्टा काढलेला असताना एक परीक्षा करता येते. तळाचे झाकण बसवून यंत्र दहा-पंधरा सेकंदच चालवावे. वास नाहीसा झाला, तर दोष ब्रश-पट्ट्यात. राहिला, तर मोटरकडे संशय वळवावा. पट्ट्याचा वास ओल्या रबराचा, टायर घासल्यासारखा. वाइंडिंगवरील वार्निश जळते तेव्हा तो तिखट, डोळ्यांना झोंबणारा असतो. मोटरमधले कार्बन झिजले की ठिणग्या वाढतात आणि विजेच्या ठिणगीचा वेगळाच तीक्ष्ण वास येतो. कार्बन बदलणे हे मिस्त्रीचे, थोड्या खर्चाचे काम; वाइंडिंग जळले तर मात्र हिशेब करावा लागतो.

डब्याच्या यंत्रात बहुतेक दोष पिशवीचा आणि गाळणीचा असतो. त्यातल्या पुष्कळ यंत्रांत ओढलेली हवाच मोटरला थंड ठेवते. रांगोळी, सिमेंट, चुन्याची पूड यांनी गाळणी बुजली की हवा थांबते, मोटर मोकळी होऊन अधिक वेगाने कण्हू लागते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की यंत्र जोरात चालले. वस्तुतः ते गुदमरत असते. आणखी एक पथ्य: उदबत्तीची वा लोबानाची राख कधीही ओढू नये. वरून विझलेल्या राखेत ठिणगी जिवंत असते, आणि पिशवीतील धूळ तिला भरपूर सरपण पुरवते.

वायरही विसरू नये. हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपियर प्रवाह घेते. डब्याच्या आत गुंडाळून राहणारी वायर अर्धीच बाहेर काढली, तर गुंडाळीतला भाग तापतो; ती शेवटपर्यंत ओढून घ्यावी. प्लग हाताला गरम लागला, तर सॉकेटचा स्पर्श ढिला झाला आहे, आणि ते बदलावयास कोठीजवळच्या ट्रूप बाजारातल्या दुकानांतून चांगले सॉकेट मिळते.

अमेरिकेहून आलेल्या यंत्राबद्दल दोन शब्द वेगळे. ते १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर सरळ जोडले तर काही क्षणांत मोटर जळते, आणि तेव्हाचा वास पट्ट्याचा नसतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, तोही पुरेसा मोठा. यंत्रावर १२ अँपियर लिहिले असेल तर त्याला १,४४० वॅट लागतात. सुरू होताना ते क्षणभर याहून पुष्कळ अधिक ओढते. १,५०० चा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी ताणात राहतो आणि वास त्यालाच येऊ लागतो, तेव्हा २,००० चा घ्यावा. पन्नास आणि साठ सायकलांचा फरक अशा कार्बनवाल्या मोटरला बाधत नाही. दुकानदार त्याची भीती घालतील, ती मनावर घेऊ नये.