शॅडो डॉम : वेबघटकाभोवतीचे कुंपण

वेबपानाची शैली ठरवणारे सीएसएसचे नियम मुळातच पानभर लागू होत असल्याने एका बटणासाठी लिहिलेला लाल रंग शेजारच्या कॅलेंडरची बटणेही रंगवून टाकतो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडलेले माहिती-गोपनाचे तत्त्व येथे शॅडो डॉमच्या रूपाने उपयोगी पडते. शॅडो डॉम म्हणजे घटकाची अंतर्गत रचना मुख्य पानापासून अलग ठेवणारी डॉमची (पानाच्या घटकवृक्षाची) उपशाखा, जिच्यात बाहेरचे नियम शिरत नाहीत आणि जिच्यातली शैली बाहेर सांडत नाही. व्हिडिओ टॅगमधील प्ले-पॉजची बटणे ब्राउझर अशीच झाकून ठेवतात. हे कुंपण अभेद्य नाही, आणि ते सोयीचेच आहे : फॉन्ट वारशाने आत झिरपतो, तर सीएसएस व्हेरिएबल बाहेरून रंगसंगती ठरवू देतात. असे कुंपण घालण्यासाठी स्वतःचा टॅग घडवला, तर त्याच्या नावात मात्र जोडरेघ हवीच. ‘माय-कॅलेंडर’ चालते, नुसते ‘कॅलेंडर’ ब्राउझर नाकारतो.