कार्ड घ्या, पण हिशेब करून!

मैत्रिणींनो, भाजीचा भाव आपण चार ठिकाणी विचारतो, मग पेट्रोलचा का नको? जूऩ २०१७ पासून पेट्रोलचा भाव रोज सकाळी सहाला बदलू शकतो. मात्र स्वस्त पंपासाठी वाकडी वाट नको. लिटरमागे पन्नास पैसे कमी, म्हणून चार लिटरला वाचले दोन रुपये. स्कूटी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि भाव शंभर धरला, तर पाच किलोमीटरच्या जादा फेरीत अकरा रुपये जळाले!

पेट्रोलसाठीचं क्रेडिट कार्ड घेताना आधी वर्षाची फी विचारा. महिन्याला हजाराचं पेट्रोल, सवलत चार टक्के, म्हणजे वर्षाला ४८० रुपये वाचले. फी ५०० असली, तर वीस रुपये पदरचेच! बिल थकलं तर व्याज वेगळं.

पंपावर हवा फुकट मिळते. ती वरचेवर तपासून घ्या, पेट्रोल नक्की वाचेल.